विझलेली चिलीम, अर्धी विडी

इंदूरहून मांडूस जाणाऱ्या वाटांपैकी एक वाट महू आणि मानपूर या गावांवरून जाते. मागील हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल या वाटेने गेली. मानपूर हे आज इंदूर जिल्ह्यातील एक लहानसे गाव आहे. शिंदे, होळकर आणि धारचे पवार यांच्या मुलखांनी वेढलेला हा परगणा एके काळी इंग्रजी अंमलाखाली होता, ही गोष्ट आता गावातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. आग्रा-मुंबई रस्ता मात्र त्या वेळीही येथूनच जात होता आणि आजही जातो. मानपुराच्या पुढे माळव्याचे पठार संपते आणि रस्ता घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्याकडे वळतो. घाटात शिरण्यापूर्वी ट्रकवाले येथे थांबतात, चाकांवर हातोडी मारून पाहतात, चहा घेतात आणि विडी ओढतात.

आमच्या शेजारच्या बाकावर असाच एक वयस्क चालक विडी ओढीत बसला होता. क्लीनरने त्याला हाक मारली. तो उठला, विडीचे पेटते टोक त्याने बाकाच्या लोखंडी पायावर हलकेच दाबले, ते विझल्याची खात्री करून घेतली, आणि उरलेली अर्धी विडी कानावर खोवून तो चालू लागला. माझ्या एका विद्यार्थ्याने हे सर्व टक लावून पाहिले होते. त्याने विचारले, "सर, एवढीशी तर उरली होती, टाकून का दिली नाही?"

मी इतिहास शिकवतो. प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यावयास मी आरंभ केला तो मांडूचे दरवाजे दिसू लागले तरी पुरा झाला नाही. मी स्वतः धूम्रपान करीत नाही, कोणी करावे असेही म्हणणार नाही. तथापि अर्धवट ओढलेली तंबाखू विझणे आणि ती पुन्हा पेटवणे या क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीमागे चारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात विस्तव कोणाजवळ होता, कोणाला तो मागावा लागत होता आणि कोणाला मागूनही मिळत नव्हता, हे सर्व येते.

प्रथम तंबाखू विझते का, ते पाहू. तंबाखू ज्वाळेने जळत नाही, ती धुमसते. धुमसणाऱ्या थराला वरून हवा हवी, खालून कोरडे इंधन हवे आणि निर्माण झालेली उष्णता फार लवकर निघून जाता कामा नये. ओढणारा दम घेतो तेव्हा हवा आत खेचली जाते आणि निखारा फुलतो. दम थांबला की वर साचलेली राख हवेची वाट अडवते, पाइपाची जाड लाकडी वाटी किंवा चिलमीची माती उष्णता शोषून घेते आणि काही मिनिटांत निखारा काळा पडतो. त्याच वेळी खाली आणखी एक क्रिया घडलेली असते. जळत्या थरातून निघालेली वाफ आणि डांबरासारखी चिकट द्रव्ये खालच्या न जळलेल्या तंबाखूतून जाताना थंड होतात आणि तिथेच बसतात. म्हणजे उरलेली अर्धी तंबाखू ही मुळातल्या तंबाखूसारखी राहिलेली नसते. वरच्या अर्ध्या भागाचा मळ तिने आपल्या अंगावर घेतलेला असतो. ती पुन्हा पेटवली की तो साचलेला मळ पुन्हा उकळून वर येतो. पहिल्या झुरक्याची चव कडवट आणि जिभेला झोंबणारी लागते ती यामुळे.

पाइप ओढणारे साहेब लोक यावर काही उपाय करीत. पाइप बाजूला ठेवावयाचा असेल तर तो पूर्ण विझण्याआधी नळीतून उलटी हळू फुंकर घालावयाची, म्हणजे साचलेली कोंदट वाफ निघून जाते. परत हाती घेतला की वरची सुटी राख झटकून टाकावयाची, उरलेला थर बोटाने किंवा दट्ट्याने अलगद दाबावयाचा, आणि काडी वाटीवर गोल फिरवीत सर्व पृष्ठभाग सारखा पेटवावयाचा. पहिल्या आचेने तंबाखू फुगून वर येते. ती पुन्हा दाबून दुसऱ्यांदा पेटवली म्हणजे निखारा टिकतो. काही शौकिनांचा पक्ष तर याच्या अगदी उलट आहे. अर्धा पाइप मुद्दाम विझू द्यावा आणि तासा-दोन तासांनी पेटवावा, चव अधिक गडद होते, असे ते सांगतात. शिळ्या आमटीविषयी आपल्या घरांतूनही असाच मतभेद असतो, तेव्हा त्यात मी पडत नाही.

आता मांडू. ज्या वाड्यांतून आमचे विद्यार्थी धावत होते तेथेच १६१७ साली जहांगीर बादशहाचा मुक्काम होता. त्याच्याबरोबर इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो होता आणि रोबरोबर एडवर्ड टेरी नावाचा त्याचा धर्मोपदेशक होता. टेरीने पुढे आपल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. हिंदुस्थानातले लोक तंबाखू कशी ओढतात याचे त्यातले वर्णन फार बारकाईचे आहे. अरुंद मानेचे मातीचे लहान भांडे, त्यात पाणी, वरच्या उघड्या तोंडात सुटी तंबाखू आणि तिच्यावर जळता कोळसा, बाजूच्या तोटीला बसवलेली वेताची पोकळ नळी, असे ते साधन. टेरीच्या वर्णनातला तो जळता कोळसा आपण ध्यानात ठेवू. इंग्रजी पाइपात तंबाखूने स्वतःच जळावयाचे असते. हुक्क्यात आणि गुडगुडीत विस्तव बाहेरून आणून वर ठेवलेला असतो. तो विझू लागला की दुसरा ठेवता येतो, आणि खालची तंबाखू भाजत राहते. म्हणजे विझलेला पाइप पेटवणे ही ओढणाऱ्याची स्वतःची खटपट असते. हुक्का पेटता ठेवण्यास मात्र शेजारी चूल हवी, नाहीतर नोकर हवा.

आणि योगायोग असा की त्याच १६१७ सालच्या वृत्तान्तात जहांगीराने तंबाखूबंदीचा उल्लेख केला आहे. तंबाखूने बहुतेकांच्या प्रकृतीत बिघाड होतो म्हणून कोणी ती ओढू नये असा हुकूम आपण काढला, असे तो आत्मचरित्रात लिहितो. इराणचा शाह अब्बास यानेही तशीच बंदी घातली होती. परंतु जहांगीराचाच वकील खान आलम हा इराणच्या दरबारात असताना तंबाखूवाचून राहू शकत नसे, आणि शाहाला त्याच्यापुरती सवलत द्यावी लागली, ही हकीकतही बादशहाने प्रांजळपणे नोंदवून ठेवली आहे. बंदी घालणाऱ्या दोन सम्राटांमध्ये एकच माणूस धूर काढीत उभा आहे, हे चित्र मोठे गमतीचे आहे. हुकमाचा परिणाम काय झाला हे सांगावयास नको. पश्चिमेकडचा अनुभव फारसा वेगळा नव्हता. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ साली तंबाखूविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली. १६४२ साली पोप आठवे अर्बन यांना स्पेनमधील सेव्हिल धर्मप्रांतातल्या चर्चमध्ये तंबाखूचे सेवन करणाऱ्यांवर बहिष्काराची आज्ञा काढावी लागली. ज्या अर्थी आज्ञा काढावी लागली, त्या अर्थी देवळात काय चालत होते हे आपण समजू शकतो.

जहांगीराच्या बापाच्या दरबारात तंबाखू प्रथम आली ती आपल्या दख्खनमधून. पोर्तुगिजांनी ती अमेरिकेतून आणली आणि पश्चिम किनाऱ्यावर रुजवली. तंबाखू हा शब्दही त्यांच्याकडूनच आपल्याकडे आला. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाहीतून १६०४-०५ च्या सुमारास परतला तेव्हा त्याने बरोबर तंबाखू आणि एक रत्नजडित नळी आणली. नळीचा दांडा तीन हात लांब आणि अचीनकडचा होता. पेटवण्यासाठी सोन्याचे एक सुरेख साधनही त्याने जोडीला ठेवले होते. आदिलशहाने दिलेल्या पानदानात त्याने जी तंबाखू भरली होती तिचा गुण सांगताना असद बेग मुद्दाम लिहितो की, तिचे एक पान पेटले तर सगळी तंबाखू जळत राही. आजचा कोणताही पाइप ओढणारा हे वाक्य वाचून डोळे मिटून मान हलवील. तंबाखू न विझता शेवटपर्यंत जळावी ही अपेक्षा तंबाखूइतकीच जुनी आहे.

अकबराने दोन-तीन झुरके घेतले. हकिमांनी लगेच हरकत घेतली, आपल्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही असे ते म्हणाले. त्यावर दरबारात जो वाद झाला तो वाचण्यासारखा आहे. प्रत्येक चाल कधीतरी नवीनच असते, असा असद बेगाचा मुद्दा होता. आणि दुसऱ्या राष्ट्रांतील शहाण्यांनी स्वीकारलेली गोष्ट आपल्या पोथ्यांत नाही एवढ्याच कारणाने टाकून देऊ नये, असे अकबरानेही मान्य केले. विचार थोर होता. लागू केला गेला तो मात्र तंबाखूला, हे आपले दुर्दैव. बादशहाने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावली, व्यापाऱ्यांनी माल आणला आणि शंभर वर्षांच्या आत खेड्यातल्या चावडीपर्यंत चिलीम पोहोचली.

श्रीमंतांचा हुक्का विझत नसे, कारण तो विझू नये एवढ्याचसाठी एक माणूस ठेवलेला असे. त्याला हुक्केबरदार म्हणत. कलकत्त्याच्या इंग्रज समाजात ही चाल इतकी रुजली होती की, १७७९ साली वॉरन हेस्टिंग्ज दांपत्याने गायन आणि भोजनाचे जे निमंत्रण धाडले त्यात पाहुण्यांनी हुक्केबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये अशी विनंती होती. बाकीचे सर्व नोकर गैरहजर चालतील, विस्तव सांभाळणारा चालणार नाही. असा माणूस पाठीशी असला म्हणजे मालकाने मध्येच उठावे, पत्र लिहावे, पाहुण्याशी बोलावे. परत येईपर्यंत नवा निखारा फुललेला असे. मालकाच्या कामात खंड पडला तरी त्याच्या धुरात पडत नसे.

शेतकऱ्याच्या चिलमीला असा बरदार कोठला? त्याच्या चंचीत तंबाखू, गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि सावरीचा कापूस असे. चकमक झाडून ठिणगी कापसावर पाडावयाची, फुंकून फुलवावयाची, ती सुक्या शेणाच्या तुकड्याला लावावयाची आणि मग चिलमीवर ठेवावयाची. चिलमीच्या तळाशी एक खडा, वर तंबाखू, तोंडाशी ओली छापी. पावसाळ्यात कापूस सर्द झाला की हा सर्व खटाटोप व्यर्थ जाई. अशा वेळी विझलेली चिलीम घेऊन माणूस विस्तव मागावयास शेजारच्या शेतात किंवा वस्तीवर जात असे. औताच्या एका खेपेत चिलीम विझली म्हणून कोणी गूल झाडून टाकीत नसे. खडा सरकू नये अशा बेताने ती बांधावर उभी ठेवीत आणि पुढल्या विसाव्याला तीच पुन्हा पेटवीत.

विस्तव मागणे ही गोष्ट दिसते तितकी साधी नव्हती. हिंदी मुलखात, माळव्यातही, जातीबाहेर टाकण्याला हुक्का-पाणी बंद करणे असे म्हणतात. आपल्याकडे त्याला वाळीत टाकणे म्हणत. शब्द निराळे, अर्थ एकच. ज्याच्या हातचे पाणी प्यावयाचे नाही आणि ज्याच्याबरोबर धूर ओढावयाचा नाही, तो आपल्यातला नाही. दंड आणि जेवण देऊन माणूस जातीत परत आला की पुन्हा पंगत मिळे आणि पुन्हा हुक्क्याची नळी त्याच्या हाती दिली जाई. विझलेला हुक्का पेटला तो त्या दिवशी. पण ही परतीची वाट ज्यांना कधीच जातीच्या आत घेतले नव्हते त्यांच्यासाठी नव्हती. अस्पृश्य मानलेल्या माणसाने आपली चिलीम वेगळी ठेवावी, लांब बसावे, कोणी दिलाच तर विस्तव वरून टाकलेला घ्यावा, अशी रीत होती.

मानपुरापासून महूची छावणी वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. पलटणीत आणि छावणीच्या शाळेत माणसाला जो मान मिळत होता तो निवृत्तीनंतर कोकणातल्या गावी मिळत नाही, हे त्या पिढीतल्या लष्करी कुटुंबांनी अनुभवले. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते आपण सर्व जाणतो. हुक्का-पाणी या जोडशब्दातल्या पाण्याचा इतिहास त्या दिवशी बदलू लागला. शब्दातल्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी सत्याग्रह झाला नाही, आणि तो व्हावा अशी ती वस्तूही नव्हती. त्या बाबतीत जे झाले ते दोन सामान्य वस्तूंनी झाले. एक काडेपेटी आणि दुसरी विडी.

इंग्लंडमध्ये जॉन वॉकर याने १८२६-२७ च्या सुमारास घासून पेटणारी काडी तयार केली. ती केव्हाही आणि कोठेही पेटत असे, हाच तिचा दोष होता. स्वीडनमधील युन्शोपिंग गावी लुंडस्ट्रॉम बंधूंनी १८५५ च्या सुमारास सुरक्षित काडेपेटी बाजारात आणली. तांबडा फॉस्फरस काडीवर न लावता पेटीच्या कडेला लावावयाचा, ही त्यातली युक्ती. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी स्वीडिश आणि जपानी काडेपेट्या आपल्या बाजारांतून दिसू लागल्या. पुढे शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोघे तरुण कलकत्त्यास जाऊन हा धंदा शिकून आले आणि १९२३ पासून त्या कोरडवाहू गावात काड्यांचा व्यवसाय उभा राहिला. त्याच साली विमको या परदेशी भांडवलाच्या कंपनीनेही हिंदुस्थानात पाय रोवला. गरिबाच्या खिशात प्रथमच असा विस्तव आला की जो कोणाकडे मागावा लागत नव्हता. लहान काडेपेटी चौदा वर्षे एक रुपयास मिळत होती; १ डिसेंबर २०२१ पासून ती दोन रुपयांची झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती बातमी पहिल्या पानांवर छापली.

विडीची कथा याहून आपल्या जवळची आहे. गुजरातेत चरोतराकडे तंबाखू पानात गुंडाळून ओढण्याची चाल पूर्वीपासून होती. १८९९ च्या दुष्काळात तिकडची काही कुटुंबे पोट भरावयास मध्य प्रांतात आली. जबलपूरच्या बाजूला जंगलात तेंदूची, म्हणजे आपल्या टेंभुर्णीची, पाने अमाप होती. ती वळवली तरी चिरत नाहीत आणि वाळली तरी आकार सोडीत नाहीत हे त्यांच्या लक्षात आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत तेथे विडीचा व्यापार सुरू झाला आणि रेल्वेच्या रुळांबरोबर तो गोंदिया, भंडारा, कामठी, सिन्नर, संगमनेर, सोलापूर असा पसरत गेला. तंबाखू चरोतराची किंवा निपाणीची, पान मध्य प्रदेशाचे, वळणाऱ्या बोटांपैकी बहुतेक बायकांची. मध्य प्रदेश सरकारने १९६४ साली तेंदूपानाचा व्यापार आपल्या हाती घेतला, आणि विडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा १९६६ साली झाला. निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले असताना ६ एप्रिल १९८१ रोजी गोळीबार होऊन बारा शेतकरी मृत्यू पावले, हे विडीच्या धुरामागे किती माणसे उभी आहेत ते सांगण्यास पुरे आहे.

पण माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर पानात आहे. सिगारेटचा कागद मुद्दाम अशा रीतीने केलेला असतो की ती हातात नुसती धरली तरी जळत राहते. ओढा अगर ओढू नका, काही मिनिटांत तिची राख होणारच. तेंदूचे पान तसे नाही. ते जाड असते, त्यातून हवा सहज आत जात नाही, आणि पुन्हा पुन्हा झुरका घेतला नाही तर विडी आपोआप विझते. विडी ओढणारा सिगारेटवाल्यापेक्षा अधिक वेळा दम घेतो तो हौसेने नव्हे, पानाच्या सक्तीने. हा पानाचा दोष आहे असे कोणी म्हणेल. माझ्या मते विडी गरिबांत रुजली त्याचे अर्धे कारण, स्वस्ताईइतकेच, हा दोष होता. सिगारेट माणसासाठी थांबत नाही. विडी थांबते. ज्याचा वेळ दुसऱ्याच्या ताब्यात असतो, ज्याला कोणीही केव्हाही हाक मारावी आणि त्याने उठावे, त्याच्यासाठी विडी हीच सोयीची. अर्धी ओढली, हाक आली, कानावर ठेवली. पुन्हा मोकळा झाला की काडी ओढली.

गिरण्यांच्या इतिहासात याचा पुरावा मिळतो. कापसाला आग लागण्याच्या भयाने खात्यात धूम्रपानास सक्त मनाई असे. म्हणून कामगार अधूनमधून बाहेर आवारात येऊन ओढीत. १९०८ सालच्या हिंदी कारखाने मजूर आयोगापुढे मालकांनी याचाच पाढा वाचला की, कामगार वारंवार बाहेर पडतात, रेंगाळतात, धूर काढीत बसतात. कामाचे तास त्या वेळी बारा-बारा, तेरा-तेरा, आणि दिव्याच्या उजेडात त्याहूनही अधिक होते, हे त्याच आयोगाच्या चौकशीत पुढे आले. दिवसभराच्या एवढ्या मोठ्या राबणुकीत तीन मिनिटांची उसंत माणूस चोरून घेत होता, आणि जॉबर दिसला की तीही अर्धी टाकून आत पळत होता. कानावरची अर्धी विडी ही त्या चोरलेल्या वेळेची राहिलेली बाकी होती.

इंदूरही गिरण्यांचे गाव. येथल्या हुकुमचंद मिलच्या खात्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राबली. १२ डिसेंबर १९९१ रोजी ती गिरणी बंद पडली. कामगारांच्या देण्याचा निकाल लागून सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी त्यांच्या नावे सुपूर्द झाला; मधली बत्तीस वर्षे सुमारे अठ्ठेचाळीसशे कामगार आणि त्यांचे वारस वाट पाहत होते. त्या वर्षांत गिरणीच्या दारापाशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांना मी शाळेत जाता-येता पाहत असे. कधी सभा असे, कधी नुसतेच बसणे. सभा सुरू झाली की विड्या विझत आणि कानांवर जात. ती संपली की पुन्हा पेटत. दरसाल त्या बाकांवरची माणसे कमी होत गेली.

माझे आजोबा वसईकडले. आमच्या वाडीत केळी होत्या आणि पानवेलही होती. आजोबा पाणी लावून झाले की रहाटाजवळच्या दगडावर बसून विडी ओढीत. संध्याकाळी देवळाची घंटा झाली की ते विडी दगडाच्या एका ठरलेल्या खळग्यात टेकवून ठेवीत, टोपी काढून उभे राहत आणि देवदूताची प्रार्थना म्हणत. प्रार्थना संपेपर्यंत विडी विझलेली असे. मग ते ती पुन्हा पेटवीत, आणि पहिल्या झुरक्याला त्यांना हटकून ढास लागे. आम्ही मुले त्या खोकल्याला हसत असू. ती साचलेल्या काजळीची ढास होती, हे मला पुष्कळ वर्षांनी, विद्यार्थ्यांसाठी ज्वलनाचा पाठ वाचताना समजले. त्यापूर्वीच त्यांच्या छातीने हात टेकले होते. एका विडीतून एका सिगारेटपेक्षा डांबर आणि निकोटिन अधिक पोटात जाते असे आता तज्ज्ञ सांगतात. तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध इंग्लंड-अमेरिकेतील संशोधकांनी १९५० साली दाखवून दिला होता. आजोबांपर्यंत ते कोणी पोहोचवले नाही. अर्धी विडी वाचवण्याची त्यांची काटकसर मात्र आमच्या घरात कौतुकाने सांगितली जाई, आणि त्या कौतुकात मीही सामील होतो.

बंदीची गोष्ट चारशे वर्षांनी पुन्हा आली. २००३ साली तंबाखूविषयीचा केंद्रीय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारे नियम देशभर लागू झाले. जहांगीराच्या हुकमापेक्षा यांची बांधणी अधिक हुशारीची आहे, कारण ते माणसाबरोबरच विस्तवाकडेही पाहतात. सार्वजनिक ठिकाणी काडेपेटी, लायटर, राखपात्र अशी ओढणाऱ्याच्या सोयीची साधने ठेवण्यास त्यांत मनाई आहे. महाराष्ट्रात हुक्का-पाण्याच्या दुसऱ्या अर्थाचाही बंदोबस्त झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१६ साली एकमताने संमत केला. असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य. वाळीत टाकल्याच्या तक्रारी त्यानंतरही वर्तमानपत्रांतून येत राहिल्या आहेत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपल्या पूर्वजांनी विचार करूनच केली असावी.

सुंभावरून आठवले. पूर्वी प्रत्येक पानपट्टीच्या खांबाला काथ्याची एक दोरी लोंबत असे आणि तिचे टोक दिवसभर धुमसत असे. ज्याला पाहिजे त्याने विडी टेकवावी, दोन दम घ्यावेत आणि निघून जावे. दुकानदार जात विचारीत नसे, पैसाही घेत नसे. विझलेली अर्धी विडी घेऊन आलेल्या माणसाने त्याच्याकडून काही विकत घेतले नाही तरी दोरी त्याला नाकारली जात नसे.

परतीच्या वाटेवर संध्याकाळी आम्ही मानपुरास पुन्हा थांबलो. तो ट्रक अर्थातच केव्हाच घाट उतरून गेला होता. बाकाच्या लोखंडी पायावर तिथे बसणाऱ्यांनी दाबून विझवलेल्या विड्यांचे काळे ठिपके होते. विद्यार्थ्याने ते मोजावयास घेतले आणि चाळिसाच्या पुढे गेल्यावर सोडून दिले. शेजारच्या पानाच्या टपरीवर दोरी दिसते का ते मी पाहिले. खिळा होता, दोरी नव्हती. टपरीवाल्याने मला गिऱ्हाईक समजून दोन रुपयांची काडेपेटी पुढे केली. ती मी घेतली, शाळेच्या प्रयोगशाळेत उपयोगी पडेल म्हणून.